विस्तुलेकाठचा माणूस, वर्ध्याचे ऊन

पोलंड हा देश आकाराने जवळजवळ आपल्या महाराष्ट्राएवढा आहे. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटर, तर पोलंडचे ३ लाख १२ हजारांच्या थोडे पुढे. नकाशाच्या पुस्तकातून दोन्ही आकार कापून एकावर एक ठेवले, तर कडा जुळणार नाहीत, पण कागद साधारण तेवढाच लागेल. एवढे एक साम्य सोडले तर दोन्हींत सारखे असे काही शोधूनच काढावे लागते. तिकडचे वॉर्सा शहर ५२ अक्षांशावर, आपले वर्धा २१ च्याही अलीकडे. तिकडे जानेवारीत नदी गोठते, इकडे मे महिन्यात नदीची वाळू तापून पाय भाजतात. तरीही या दोन टोकांना जोडणारा एक माणूस होऊन गेला. जन्माने तो वॉर्साचा ज्यू, शिक्षणाने विजेचा इंजिनिअर. आयुष्याची चाळीसएक वर्षे त्याने भारतात काढली. गांधीजींच्या सेवाग्रामात तो राहिला, औंध संस्थानच्या खेड्यांतून हिंडला आणि शेवटी मुंबईच्या खेतवाडीत एका मराठी साधकाच्या माळ्यावर जाऊन बसू लागला. त्याचे नाव मॉरिस फ्रीडमन. आपल्याकडे ते स्वामी भारतानंद म्हणूनही ओळखले गेले.

अध्यात्माची पुस्तके वाचणारे लोक हे नाव जगभर ओळखतात. वर्धा जिल्ह्यात मात्र मी नोकरीत असताना दहा जणांना विचारले, तर नऊ जण मान हलवत आणि दहावा गांधीजींकडे आलेल्या एखाद्या दुसऱ्याच परदेशी पाहुण्याचे नाव सांगे. म्हणून हा लेख. फ्रीडमन यांचे चरित्र सांगायचे, तर आधी त्यांच्या देशाची जमीन आणि हवा सांगितली पाहिजे असे मला वाटते. सोळा आणे शेतकऱ्यांच्या जिल्ह्यात बँकेची नोकरी केल्याचा हा परिणाम असेल. माणसाची पत बघताना आम्ही आधी त्याचा सात-बारा बघत असू.

पोलंड या नावातच शेत आहे. तिकडच्या भाषेत पोले म्हणजे शेत, मैदान. शेतामैदानात राहणारे ते पोलानी, आणि त्यांचा मुलूख तो पोलंड. देशाचा तीन-चतुर्थांश भाग समुद्रसपाटीपासून २०० मीटरहूनही कमी उंचीवर आहे. दक्षिणेच्या सरहद्दीवर तात्रा पर्वत उभा आहे. त्यातले रिसी हे शिखर सुमारे २,५०० मीटर उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दीडपट. उत्तरेला बाल्टिक समुद्र. या दोहोंच्या मधला सारा देश म्हणजे ताटासारखी सपाटी. हे ताट घासूनपुसून सपाट केले ते बर्फाने. हिमयुगात उत्तरेकडून बर्फाचे अजस्र थर या भूमीवर पुन्हा पुन्हा सरकत आले आणि सुमारे १२ हजार वर्षांपूर्वी कायमचे मागे हटले. जाताना त्यांनी वाळू, चिकणमाती आणि दूरवरून ओढत आणलेले दगडधोंडे मागे सोडले. ईशान्येकडे खोलगट जागी पाणी साचून हजारो तळी झाली. वॉर्साच्या भोवतालचा माझोव्हिया हा प्रांत बराचसा वाळूचा. अशा हलक्या जमिनीत गहू नाखूष असतो. तिथे राय नावाचे भरड धान्य पिकते आणि बटाटा पिकतो. रायचा काळपट, आंबूस पाव हे गरिबाचे रोजचे अन्न, जशी आपल्याकडे ज्वारीची भाकर.

या सपाटीच्या मधून विस्तुला नदी वाहते. दक्षिणेच्या डोंगरात उगम पावून, क्राको आणि वॉर्सा या दोन्ही शहरांना हात लावून, १,०४७ किलोमीटर चालून ती बाल्टिकला मिळते. गोदावरीहून ती लांबीने कमी, पण पोलंडच्या मनात तिचे स्थान गोदेसारखेच आहे.

हवामानाचे म्हणाल तर दोन वाऱ्यांची ती रणभूमी आहे. पश्चिमेकडून अटलांटिकचे ओले, सौम्य वारे येतात. पूर्वेकडून रशियाच्या अफाट भूमीवरचे कोरडे, बोचरे वारे येतात. मध्ये अडवायला डोंगर नाही. ज्याचा जोर जास्त, त्याचा तो आठवडा. म्हणून एखादा हिवाळा नुसता चिखलाचा जातो आणि एखादा हाडे फोडणारा. वॉर्सात जानेवारीचे सरासरी तापमान शून्याच्या दोन-तीन अंश खाली असे. अलीकडच्या काळात हिवाळे पूर्वीइतके कडक राहिलेले नाहीत. जुलैची सरासरी १९-२० अंश, म्हणजे आपल्या डिसेंबरची सुखद हवा. डिसेंबरात दुपारी साडेतीनच्या आत सूर्य मावळतो. जूनमध्ये पावणेसतरा तासांचा दिवस असतो.

पावसाचा हिशेब तर आपल्याला चक्रावून टाकतो. वॉर्सात वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. वर्ध्यात हजार मिलिमीटरच्या वर. म्हणजे आपला पाऊस जवळजवळ दुप्पट. पण तो त्यांना बारा महिने थोडा थोडा मिळतो. हवा थंड, त्यामुळे पाण्याची वाफही कमी होते. आपला पाऊस चार महिन्यांत कोसळून जातो आणि उरलेले आठ महिने आपण आकाशाकडे बघतो. दुप्पट मिळकत असलेला माणूस कर्जबाजारी आणि निम्म्या मिळकतीचा माणूस टुकीने संसार करतो, हे मी बँकेत पुष्कळ पाहिले. देशांचेही तसेच असते.

एका गोष्टीत मात्र पोलंड आपल्या अगदी जवळचा वाटतो. युरोपात सगळीकडे चार ऋतू मोजतात. पोलंडची मुले शाळेत सहा ऋतू शिकतात. हिवाळा आणि वसंत यांच्या मधला, बर्फ वितळण्याचा चिखलाळ काळ हा वेगळा ऋतू. तसाच शरद आणि हिवाळा यांच्या मधला, पहिल्या गारठ्याचा काळही वेगळा. त्यांच्या महिन्यांची नावेही पंचांगाची नसून शेताशिवाराची आहेत. एप्रिल हा फुलांचा महिना, जुलै लिंडन वृक्षाचा, ऑगस्ट विळ्याचा आणि नोव्हेंबर पानगळीचा. मृग, आर्द्रा, हस्त अशा नक्षत्रांवर पेरणी-काढणी मोजणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे कॅलेंडर चटकन समजले असते.

अशा देशात, वॉर्सा शहराच्या गरीब ज्यू वस्तीत, १९०१ साली मॉरिस फ्रीडमन जन्मले. पण देश म्हणायचे तरी कसे? त्या वर्षी जगाच्या नकाशावर पोलंड नव्हता. सपाट भूमीचा हा शाप आहे. जे वाऱ्यांना अडवत नाही, ते सैन्यांनाही अडवत नाही. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन वेळा रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या शेजाऱ्यांनी हा देश आपसांत वाटून घेतला. तिसऱ्या वाटणीनंतर वाटायला काही उरलेच नाही. वॉर्सा रशियाच्या झारच्या ताब्यात होते. सरकारी कचेऱ्यांतून आणि सरकारी शाळांतून रशियन भाषेचा अंमल होता. १२३ वर्षे हा देश फक्त भाषेत, प्रार्थनेत आणि सहा ऋतूंत जिवंत राहिला. १९१८ साली तो पुन्हा नकाशावर आला, तेव्हा फ्रीडमन सतरा वर्षांचे होते.

घरची गरिबी, पण डोके यंत्रात चालणारे. ते विजेचे इंजिनिअर झाले. तरुण वयातच नवनव्या युक्त्या शोधून पेटंट मिळवणारा संशोधक म्हणून त्यांचे नाव झाले. पुढे ते फ्रान्सला गेले आणि तिथल्या विजेच्या उद्योगात काम करू लागले. पैसा आला, प्रतिष्ठा आली. मनाला मात्र स्वस्थता नव्हती. भारतीय तत्त्वज्ञानाची ओढ त्यांना तिथेच लागली. तिशीच्या दशकाच्या मध्यावर म्हैसूर संस्थानचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांच्याशी त्यांची गाठ पडली. मिर्झासाहेब माणसांचे पारखी. बंगळूरला संस्थानचा विजेच्या सामानाचा कारखाना होता, तो सांभाळायला त्यांनी फ्रीडमनना बोलावून घेतले.

बंगळूरची हवा युरोपीय माणसाला मानवणारी. साहेबी बंगला, मोठा पगार, वर्षभर न उन्हाळा न हिवाळा. तिथे सुखाने राहता आले असते. पण सुटी मिळाली की हा इंजिनिअर तिरुवण्णामलैला रमण महर्षींच्या पायाशी जाऊन बसे. पुढे केरळातल्या कान्हनगडच्या स्वामी रामदासांकडून त्यांनी संन्यास घेतला आणि भारतानंद हे नाव धारण केले. वॉर्साच्या ज्यू घरातला मुलगा भगवी वस्त्रे नेसून कारखान्यात यंत्रे तपासू लागला.

याच काळात ते गांधीजींकडे ओढले गेले, आणि इथून वर्धा जिल्हा या कथेत येतो.

गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी वर्ध्याहून शेगावला पायी गेले आणि पुढे तिथेच राहिले. ही वाट सात-आठ किलोमीटरची. जमनालाल बजाज यांचे हे गाव. विदर्भातच रेल्वेवर दुसरे प्रसिद्ध शेगाव असल्याने टपालाचा घोटाळा होई, म्हणून १९४० साली या गावाचे नाव सेवाग्राम झाले. जागा निवडताना गांधीजींनी सोय पाहिली नव्हती. हिवतापाचे गाव, पावसाळ्यात गुडघाभर चिखल, रस्ता जवळजवळ नाहीच. मातीच्या भिंती, बांबू आणि कवेलूची छपरे यांच्या कुट्या तिथे उभ्या राहिल्या. १९३६ सालीच फ्रीडमन गांधीजींशी बोलून गेले. खेडी आणि यंत्रे हा दोघांच्याही जिव्हाळ्याचा विषय होता. पुढे ते आश्रमात मुक्कामाला येऊन राहू लागले.

वर्ध्याचे ऊन काय असते, हे मी सांगू शकतो. नोकरीची सात वर्षे मी या जिल्ह्यात काढली. पीककर्जाच्या पाहणीसाठी हिंगणघाट, देवळी, आर्वी, सेलू या बाजूंना मोटारसायकलवर फिरलो. मे महिन्यात पारा ४५-४६ पर्यंत जातो, कधी ४७ देखील गाठतो. नवतपाचे नऊ दिवस तर घराबाहेर पडू नये असे. गाडीची मूठ हाताला चटका देते, डोक्याला पांढरा दुपट्टा बांधल्याशिवाय कोणी दिसत नाही. वणा, धाम, यशोदा या नद्यांत वाळूच वाहते की काय असे वाटते. काळी जमीन तडकून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ही माती बेसॉल्टच्या काळ्या दगडापासून झालेली. लाव्हारसाच्या थरांवर थर बसून कोट्यवधी वर्षांपूर्वी दख्खनचे पठार बनले, त्याची ही झीज. पोलंडची माती बर्फाने आणून टाकलेली, आपली माती आगीतून निघालेली.

हीच माती पाणी धरून ठेवते आणि म्हणून कापसाला मानवते. हिंगणघाटच्या कापसाचे नाव इंग्रजी अमदानीत पार मँचेस्टरच्या बाजारात पोचले होते. पण कापसाचे अर्थशास्त्र पावसाच्या हातात. मृगात पेरणी, दसरा-दिवाळीपासून वेचा, माघ-फाल्गुनात उलंगवाडी. पऱ्हाटी उपटून झाली की पुढच्या मृगापर्यंत कोरडवाहू शेतात करण्यासारखे फारसे उरत नाही. हे तीन-चार महिने विहीर नसलेल्या शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या घरात पैसा येत नाही, खर्च मात्र थांबत नाही. लग्ने याच दिवसांत, आजारपणे याच दिवसांत. माझ्या टेबलाशी येणाऱ्या कर्जाच्या कागदांवर कारण काहीही लिहिलेले असो, खरे कारण बहुधा या चार महिन्यांत सापडे.

गांधीजींचा चरखा हा या रिकाम्या महिन्यांवरचा उपाय होता, ही गोष्ट मला पुस्तकांपेक्षा त्या कर्जखात्यांनी जास्त समजावली. आणि फ्रीडमन यांना ती लवकर उमगली असावी, याचे कारण त्यांच्या जन्मभूमीत आहे असे माझे मत आहे. पोलंडच्या शेतकऱ्यालाही वर्षातले चार महिने शेत बंद ठेवावे लागे. तिकडे शेतावर बर्फाचे कुलूप, इकडे उन्हाचे. त्या बंद महिन्यांत तिकडची खेडी कताई, विणकाम, लाकूडकाम करीत. घराच्या आत बसून हाताला काम देणारी साधने म्हणजे थंड देशातल्या खेड्याचा प्राण. अशा मुलखातला इंजिनिअर वर्ध्याला आला, तेव्हा रिकाम्या हंगामात घरात काय करायचे हा प्रश्न त्याला परका वाटला नसणार.

फ्रीडमन यांनी चरख्यात सुधारणा केल्या, कताईची नवी साधने घडवली. त्यांतले सर्वांत नावाजलेले म्हणजे धनुष टकळी. साधी टकळी बोटांनी फिरवायची. ती स्वस्त, पण सूत सावकाश निघते. चरख्यावर वेग मिळतो, पण त्याला चाक हवे, माळ हवी, सुतार हवा आणि पैसे हवेत. धनुष टकळीने मधला मार्ग काढला. बांबूची कामटी वाकवून केलेले धनुष्य आणि आडव्या बैठकीवर बसवलेली चाती. एका हाताने धनुष्य ओढले की त्याची पट्टी चातीला घासून तिला गरगर फिरवते आणि दुसऱ्या हाताने सूत काढायचे. तत्त्व फार जुने. सुताराचे सामते, दोरीने भोक पाडणारे, याच युक्तीवर चालते. नवेपण होते ते त्या तत्त्वाला कताईच्या कामाला लावण्यात. बांबू गावच्या कडेला मिळतो, लाकडाचा तुकडा घरात पडलेला असतो, आणि बिघडले तर घरधनी स्वतः दुरुस्त करू शकतो. गांधीजींना ती फार आवडली आणि तिचा प्रसार व्हावा असे त्यांनी आवर्जून लिहिले.

मला या धनुष्याचे अप्रूप वेगळ्या कारणाने वाटते. ज्याच्या नावावर विजेच्या यंत्रांची पेटंटे, जो पॅरिसच्या कारखान्यात सहज मोठा झाला असता, त्याने आपली सारी हुशारी एका अशा वस्तूवर खर्च केली की जिच्यावर कर्ज काढावे लागणार नाही. बँकेत मी शेतीच्या औजारांसाठी पुष्कळ कर्जे मंजूर केली. औजार घेतानाच त्याच्या दुरुस्तीचा, सुट्या भागांचा आणि हप्त्यांचा विचार करणारा विक्रेता मला क्वचितच भेटला.

वर्ध्याहून फ्रीडमन यांचा रस्ता औंधला गेला. साताऱ्याकडचे हे छोटे संस्थान, बहात्तर गावांचे. राजे भवानराव पंतप्रतिनिधी म्हणजे सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे, चित्रे काढणारे, कीर्तन करणारे राजे. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि फ्रीडमन यांची मैत्री जमली. राजेसाहेबांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती द्यायची असे ठरवले, आणि त्या नव्या राज्यघटनेचा मसुदा घेऊन मंडळी गांधीजींकडे आली. गांधीजींनी ग्रामपंचायत हा पाया धरायला लावले. जानेवारी १९३९ मध्ये औंधची घटना अमलात आली. देश स्वतंत्र व्हायच्या साडेआठ वर्षे आधी या बहात्तर गावांत लोकांचे राज्य सुरू झाले. भगव्या कपड्यातले भारतानंद तेव्हा खेड्याखेड्यांतून पायी फिरत होते.

औंधचा आटपाडीकडचा भाग अवर्षणाचा. वर्ध्याच्या निम्मादेखील पाऊस तिथे धड पडत नाही. या माळरानावर स्वतंत्रपूर नावाची वसाहत उभी राहिली. ती उघडी तुरुंगवसाहत होती, आणि तिच्यामागे फ्रीडमन यांचीच कल्पना होती. गंभीर गुन्ह्यांची शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांना भिंती नाहीत, बेड्या नाहीत. जमीन कसायची, घर बांधायचे, बायकामुलांसह राहायचे. पुढे १९५७ साली व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट आला. त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची. माडगूळ हे त्याच मुलखातले. चित्रपट आपण सर्वांनी पाहिला आहे. त्यामागे वॉर्साचा एक इंजिनिअर होता हे फार थोड्यांना माहीत आहे.

औंधचा प्रयोग बहरात येत होता त्याच वर्षी, १ सप्टेंबर १९३९ रोजी, जर्मन फौजा पोलंडच्या सपाट भूमीवर घुसल्या. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून रशियन फौजा आल्या. पोलंड पुन्हा नकाशावरून गेला. त्या साली हवेनेही वैर धरले. ११ जानेवारी १९४० रोजी वॉर्साच्या पूर्वेला सुमारे ९० किलोमीटरवर असलेल्या शेडल्त्से गावी पारा शून्याखाली ४१ अंशांपर्यंत उतरला. पोलंडच्या नोंदींतली ही सर्वांत कडाक्याची थंडी. नेमक्या त्याच हिवाळ्यात पूर्व पोलंडमधली लक्षावधी माणसे मालगाड्यांत कोंबून सैबेरियाकडे नेण्याला सुरुवात झाली. इकडे वॉर्सात जर्मनांनी १९४० च्या शरदात ज्यूंची वस्ती भिंत घालून कोंडली. साडेतीन चौरस किलोमीटरच्या आत चार लाखांवर माणसे. १९४२ च्या उन्हाळ्यात त्यांतल्या अडीच लाखांहून अधिक माणसांना आगगाडीने त्रेब्लिंका येथे नेऊन मारण्यात आले. १९४३ च्या एप्रिलमध्ये उरलेल्यांनी बंड केले, तेव्हा सारी वस्ती जाळून जमीनदोस्त केली गेली. १९४४ च्या उठावानंतर उरलेले वॉर्साही पाडले. युद्ध संपले तेव्हा पोलंडची सरहद्दच पश्चिमेकडे सरकवण्यात आली. फ्रीडमन ज्या गल्ल्यांत जन्मले, त्या गल्ल्या आता फक्त जुन्या नकाशांत होत्या.

ते स्वतः वाचले, कारण ते इथे होते. या एका वाक्यापाशी माझी लेखणी थबकते. ज्या ज्यू मुलाला युरोपने जगू दिले नसते, त्याला आश्रय मिळाला तो ४५ अंशांच्या उन्हात, मातीच्या कुट्यांत. आणि तो काही एकटा नव्हता. सैबेरियातून सुटलेली पोलिश मुले-बायका इराणमार्गे भारतात आली. नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला पोलिश मुलांना घर दिले. आणि १९४३ ते १९४८ या काळात आपल्या कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांची शाळा होती, चर्च होते, नाटकेही होत. उणे ४० अंशांतून निघालेल्या मुलांना पंचगंगेकाठची हवा किती ऊबदार वाटली असेल, याची कल्पना करावी. कोल्हापुरात त्यांची आठवण आजही राखलेली आहे.

फ्रीडमन यांनी आपला मुलूख टाकून दिला, असे कोणी समजू नये. १९४४ साली वांदा दिनोव्स्का ऊर्फ उमादेवी या पोलिश विदुषीबरोबर त्यांनी मद्रासला पोलिश-भारतीय ग्रंथमाला सुरू केली. भारतीय ग्रंथ पोलिश भाषेत आणि पोलंडची ओळख भारतीयांना, असे दुहेरी काम. देशाला जमीन उरली नव्हती, तेव्हा त्यांनी भाषेची जमीन सांभाळली. १९५९ नंतर तिबेटमधून निर्वासित आले, तेव्हा हे दोघेही त्यांच्या मदतीला धावले. बर्फाच्या देशातून उन्हाच्या देशात येणाऱ्यांना काय सोसावे लागते, हे या दोघांना दुसऱ्या कुणी सांगायला नको होते. उमादेवी १९७१ साली म्हैसूरला वारल्या.

आयुष्याच्या शेवटच्या पर्वात फ्रीडमन मुंबईत होते. खेतवाडीच्या दहाव्या गल्लीत निसर्गदत्त महाराज राहत. विड्यांचे दुकान चालवणारे, फारसे न शिकलेले, बोलायचे ते फक्त मराठीत. त्यांच्या पोटमाळ्यावर माणसे बसत, प्रश्न विचारत. फ्रीडमन तिथे जाऊ लागले. टेपरेकॉर्डर घेऊन त्यांनी ही मराठी बोलणी टिपली, त्यांचे इंग्रजी केले, आणि १९७३ साली मुंबईच्या चेतना प्रकाशनाकडून ‘आय ॲम दॅट’ हे पुस्तक निघाले. पुढे जगातल्या अनेक भाषांत ते गेले. आज खेतवाडीची ती गल्ली शोधत परदेशी माणसे येतात, ती या पुस्तकामुळे. मराठीतला एक आवाज जगाला ऐकवला तो वॉर्सात जन्मलेल्या माणसाने, हे आपण मराठी माणसांनी लक्षात ठेवायला हवे. पुस्तक आल्यानंतर तीन वर्षांत, मार्च १९७६ मध्ये, फ्रीडमन मुंबईतच वारले.

त्यांच्या आयुष्यात दोनदा देश नाहीसा झाला. जन्मले तेव्हा तो नव्हता, आणि इथे खेड्यांतून हिंडत होते तेव्हा तो पुन्हा गेला. अशा माणसाला देश म्हणजे काय वाटत असेल? झेंडा, सरहद्द, सरकार यांवर त्याचा भरवसा कसा बसावा? उरते ती माती, तिच्यावर पडणारा पाऊस, त्या पावसावर जगणारी माणसे आणि त्यांची बोली. फ्रीडमन जिथे गेले तिथे त्यांनी आधी हे पाहिले. वर्ध्यात त्यांनी उन्हाळ्याचे रिकामे हात पाहिले, आटपाडीला तहानलेला माळ पाहिला, खेतवाडीत एक भाषा ऐकली. सात वर्षे कर्जाचे अर्ज तपासताना मीही शेवटी याच गोष्टी बघत होतो, पण माझ्याजवळ छापील फॉर्म होता आणि त्यांच्याजवळ नव्हता.

सेवाग्रामला आपण मुलाबाळांसह जातोच. बापूकुटी पाहून झाली की वर्ध्यात मगन संग्रहालयाकडेही वळावे. डिसेंबर १९३८ मध्ये गांधीजींनी त्याचे उद्घाटन केले. ग्रामोद्योगांची साधने आणि नाना तऱ्हांचे चरखे तिथे मांडलेले आहेत. मुलांना ते दाखवताना एवढे जरूर सांगावे, की या घडणीत जिथे सहा महिने गारठा असतो आणि नोव्हेंबरला पानगळ म्हणतात, अशा एका दूरच्या देशातल्या माणसाचाही हात आहे. जमले तर मे महिन्यात जावे. ऊन सोसवत नसेल, पण चरखा का हवा होता ते तेव्हाच नीट कळते.